इसब पोराला, शिकवणी घराला

खान्देशात तान्ह्या पोराच्या गालावर लाल चट्टा उठला की पहिली तपासणी डॉक्टर करत नाहीत, भाऊबंद करतात. त्यातून श्रावण असेल, नागपंचमीनंतरचा रविवार असेल आणि घरात कानबाई देवी बसलेली असेल, तर विचारूच नका. रोटांच्या प्रसादाच्या निमित्ताने सुरतेपासून पुण्यापर्यंतचं सगळं कूळ एका छपराखाली आलेलं असतं, जेवणं आटोपलेली असतात, पंखा डोक्यावर गरगरत असतो आणि बोलायला विषय हवा असतो. धुळ्याला माझ्या बहिणीच्या सासरी तो विषय माझा भाचा झाला. मी जळगावहून दर्शनाला गेलो होतो. मामा म्हणजे परक्या कुळाचा, त्यामुळे रोट माझ्या वाट्याला नव्हते. मतं मात्र सगळ्यांच्या बरोबरीने मिळाली.

“पोऱ्यानं आंग दखा, काय व्हई गयं!” असं म्हणत एका चुलत आजीने त्याचं झबलं वर केलं आणि बैठक सुरू झाली. कुणी उष्णता म्हणालं, कुणी नायटा, कुणी खरूज. शिरपूरच्या काकांनी रक्तात दोष सांगितला. पारोळ्याच्या आत्याने दात येताहेत असं निदान केलं. वास्तविक पोराच्या तोंडात चार दात आधीच आलेले होते आणि त्यातल्या दोघांनी त्याच वेळी आत्याचं बोट धरलेलं होतं. नजर लागल्याचं तर सगळ्यांनाच मान्य होतं. वाद फक्त कुणाची, एवढाच होता. ज्याच्यावर हे चाललं होतं तो गडी आईच्या खांद्यावर गाल घासत होता, कारण त्याला खाज सुटली होती आणि हात दुसऱ्या काकूने धरून ठेवले होते.

याला इसब म्हणतात हे बहिणीला पुढच्या आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरबाईंकडून कळलं. दवाखान्यात पोराबरोबर त्याचे आईबाप, आजी, एक काकू आणि फाइल धरायला मी, असे गेलो होतो. डॉक्टरबाईंनी गाल पाहिले, कोपर पाहिले, लंगोटाखाली पाहिलं. तिथली कातडी लख्ख होती. या आजारात तान्ह्या मुलाचे गाल आणि हातपाय धरतात, लंगोटाची जागा बहुधा सुटते. मोठ्या मुलांत हाच आजार कोपराच्या आणि गुडघ्याच्या मागच्या वळीत जाऊन बसतो. रात्री घरात आणखी कुणाला खाज सुटते का, असंही त्यांनी विचारलं. सगळं घर खाजवत असेल तर खरजेचा संशय घ्यायचा असतो. मग त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली. रक्त तपासलं नाही, लघवी तपासली नाही, कसलं यंत्र लावलं नाही. काकूचा चेहरा तिथेच उतरला. ज्या डॉक्टरने रिपोर्ट काढायला पाठवलं नाही त्याला आजार कळला कसा, हा प्रश्न खान्देशात फी देताना नेहमी पडतो. इसब बघून आणि विचारूनच ओळखायचा असतो. पण बघून तर कानबाईच्या दिवशी सगळ्यांनीच ओळखलं होतं!

विचारण्याची पाळी आली तेव्हा खरा घोटाळा झाला. “घरात कुणाला दमा, सर्दी, सकाळी उठल्या-उठल्या शिंका?” डॉक्टरबाईंनी सहज विचारलं. माझ्या शिंका आमच्या गल्लीत घड्याळ लावायच्या उपयोगाच्या आहेत. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. “माहेरकडून आलं,” असं काकूने हलक्या आवाजात, पण सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने नोंदवलं. मी आत्मसन्मानासाठी पोराच्या आजोबांच्या दम्याची आठवण करून दिली. सामना बरोबरीत सुटला. डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या की इसब, दमा आणि ही सर्दी एकाच घरात नांदणारी भावंडं आहेत, आणि कातडीच मुळात कोरडी असते, तिच्यातलं पाणी टिकत नाही. 2006 साली स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या संशोधकांनी यामागचा एक मोठा दुवा शोधला. कातडीचा वरचा थर घट्ट ठेवणारं फिलाग्रिन नावाचं प्रथिन असतं. त्याच्या जनुकात खोट असली की इसबाचा धोका वाढतो. हा शोध जगाला फार उपयोगी पडला. सोयरिकीत मात्र त्याने तेल ओतलं, कारण जनुक म्हटलं की ते कुणाकडून आलं हे ठरवणं आलं.

बहिणीला छळलं ते जनुकाने नव्हे, वांग्याने. घरच्या वैद्यकशास्त्रात अंगावरच्या कोणत्याही खाजेला वांगं जबाबदार असतं आणि पोर अंगावर पीत असेल तर शिक्षा आईला होते. हे वऱ्हाडात किंवा कोकणात एखादी सोसेल. जळगाव-धुळ्याकडे वांगं बंद म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. थंडी पडली की मळ्यामळ्यात पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजतात, कांद्याची पात आणि हिरवी मिरची पडते, कळण्याच्या भाकरीबरोबर माणसं बोट चाटून जेवतात. अशा मुलखात माझ्या बहिणीने त्याआधीचा आख्खा हिवाळा भरिताच्या पंगतीत बसून वरणभात खाल्ला. वांग्यामागून शेंगदाणे गेले, केळी गेली (थंड म्हणून), आणि शेवभाजी गेली (गरम म्हणून). पोराचे गाल होते तसेच राहिले. डॉक्टरबाईंनी हे ऐकून पेन खाली ठेवलं. बहुतेक मुलांचा इसब आईच्या ताटाने वाढत नाही आणि उतरतही नाही. काही मुलांना दुधाची, अंड्याची किंवा अशाच एखाद्या जिनसाची खरी ॲलर्जी असते, पण ती शोधायची डॉक्टरांनी; भाऊबंदांनी मतदान घेऊन नाही. उगीच पदार्थ तोडत गेलं की खाज राहते तिथेच आणि पोराचं वजन मात्र घटतं.

यानंतर आंघोळीचा विषय निघाला आणि आजी सरसावून बसल्या. पोर न्हाऊ घालणं हे त्यांचं खातं. ते कसं चालतं हे मी पाहिलेलं होतं. पाटावर पाय पसरून बसायचं, पोर पायांवर उताणं घ्यायचं, तेल चोळून मुरवायचं, मग डाळीच्या पिठाचा गोळा पाठीवरून आणि दंडांवरून असा फिरवायचा की बारीक लव निघून यावी. पाणी कढत, इतकं की पोर लालबुंद होऊन निघालं पाहिजे. लाल झालं म्हणजे अंग मोकळं झालं. चट्टे उठल्यापासून त्यात कडुनिंबाचा उकळलेला पाला आणि झाकणभर डेटॉल यांची भर पडली होती. शेवटी ओव्याची धुरी. निरोगी पोरही या सोहळ्यातून तावून सुलाखून बाहेर पडतं. ज्याची कातडी आधीच फाटकी, त्याच्याविषयी काय बोलावं?

इथे त्या डॉक्टरबाईंचं कसब दिसलं. त्या आजींना एका शब्दाने चुकलात म्हणाल्या नाहीत. पाणी कोमट, स्वतःच्या कोपराला लावून पाहायचं. आंघोळ पाच-दहा मिनिटांत उरकायची. पीठ, साबणाचा फेस, डेटॉल, धुरी बंद. साबण हवाच असेल तर बिनवासाचा, सौम्य, तोही मळ असेल तिथेच. “आणि निंबाचा पाला?” आजींनी विचारलं. निंबावरचा त्यांचा विश्वास पिढीजात होता. “पाला दाराला बांधा,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “पाण्यात नको.” आजींना हे पटलं. दाराला बांधलेला पाला नजरेलाही चालतो, म्हणजे एका दगडात दोन पक्षी.

पुढची अट अवघड होती. टॉवेलने पुसायचं नाही, नुसतं टिपायचं, आणि तीन मिनिटांच्या आत, अंग ओलसर असतानाच, सगळ्या अंगाला क्रीम लावायचं. कातडीत शिरलेलं पाणी उडून जायच्या आत त्यावर झाकण बसलं पाहिजे. आता आमच्याकडे तीन मिनिटांत काय होतं? न्हाणीतून पोर बाहेर आलं की त्याला देवासमोर नेणं, तीट लावणं, काजळ घालणं, आजोबांच्या मांडीवर देऊन ‘गोरा दिसतो’ हे वदवून घेणं, मुंबईच्या मावशीला व्हिडिओ कॉल लावून ते ओलं पोर दाखवणं, एवढे विधी असतात. तोवर खान्देशी हवा आपलं काम करून जाते. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास, आणि हिवाळ्यात धुळे म्हणजे राज्यातल्या सर्वांत गारठलेल्या गावांपैकी एक. दोन्ही ऋतूंत हवा कोरडी ठणठणीत. उन्हाळ्यात घाम झोंबतो, हिवाळ्यात कातडी तडकते. मुंबईच्या दमट हवेत चालून जाणारी हयगय जळगावात चालत नाही.

आणि क्रीम लावायचं किती? इथे आमच्या मुलखाचा स्वभाव आडवा येतो. जळगाव सोन्याचं गाव. सराफ बाजारात गुंज-गुंज तोलायची सवय घराघरात मुरलेली. क्रीमही तसंच, करंगळीच्या टोकावर तोलून, जिथे लाल दिसेल तिथे एक ठिपका. मॉइश्चरायझर हे औषध आहे, दिवसातून दोनदा तरी, लाल असो नसो, सगळ्या अंगाला, भरपूर लावायचं, हे ऐकल्यावर भाऊजींनी डब्याची किंमत मनातल्या मनात महिन्याने गुणली असावी, कारण त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. डॉक्टरबाईंनी तो प्रश्नही ओळखला. महागडी बाटली लागते असं नाही, साधी पांढरी पेट्रोलियम जेली चालते, खोबरेल चालतं. उन्हाळ्यात जेलीखाली घाम कोंडतो तेव्हा पातळ क्रीम बरं. तिखट मोहरीचं तेल नको, आणि चोळून मुरवायचं नाही, केसांच्या दिशेने वरून खाली हात फिरवायचा.

हे दाखवून शिकवलं तर काय होतं याचा एक दाखला मला फार आवडतो. ब्रिटनमध्ये 2003 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. इसब असलेल्या 51 मुलांच्या घरच्यांना दवाखान्यातल्या तज्ज्ञ नर्सने प्रत्यक्ष लावून दाखवलं, चुका सुधारल्या, पुन्हा लावायला लावलं. आधी ही घरं आठवड्याला सरासरी 54 ग्रॅम मॉइश्चरायझर वापरत होती, ती 426 ग्रॅमवर गेली. मुलांच्या आजाराची तीव्रता 89 टक्क्यांनी उतरली, आणि स्टेरॉइडचा एकूण वापर वाढला नाही. नवं औषध काही नव्हतं. डबा तोच होता; फक्त तो उघडायला कुणीतरी शिकवलं. जर्मनीत तर याच्या रीतसर शाळा भरतात. 2006 साली तिथला मोठा अभ्यास छापून आला. आठवड्याला दोन तास, असे सहा आठवडे पालकांचे वर्ग. त्वचेचे डॉक्टर, मानसतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ शिकवायला. वर्षभराने शिकलेल्या घरांतली मुलं न शिकलेल्यांपेक्षा बरी निघाली. जर्मनांचं बरं असतं, वर्गात आईबाप येतात आणि घरी जाऊन तेच दोघं ठरवतात. धुळ्यात हा वर्ग काढायचा तर मंगल कार्यालय घ्यावं लागेल आणि शेवटच्या दिवशी वरण-बट्टीचं जेवण ठेवावं लागेल.

आता ट्यूब. स्टेरॉइड हा शब्द डॉक्टरबाईंनी उच्चारला आणि खोलीत शांतता पसरली. भाऊजींनी मोबाइलवर पाहिलं होतं की स्टेरॉइडने कातडी पातळ होते. काकूच्या ओळखीत कुणाचं तरी काहीतरी झालं होतं. डॉक्टरबाईंनी विचारलं, आजवर काय-काय लावलं? तेव्हा काकूनेच पिशवीतून एक पिळून-पिळून चपटी झालेली ट्यूब काढली. “ही मेडिकलवाल्या दादाने दिली होती. भारी आहे. दोन दिवसांत गाल साफ. बंद केली की पुन्हा येतं.” डॉक्टरबाईंनी मागची बारीक अक्षरं वाचून दाखवली. तीत क्लोबेटासॉल होतं, म्हणजे कातडीच्या स्टेरॉइडांतल्या सर्वांत जहाल मंडळींपैकी एक, शिवाय एक बुरशीचं आणि एक जंतूंचं औषध. डॉक्टरबाई स्वतः देऊ करत होत्या ते हायड्रोकॉर्टिझोन म्हणजे सर्वांत सौम्य. ज्या घराला सौम्य औषधाची धास्ती वाटत होती, त्याच घरात जहाल औषध पोराच्या कोवळ्या गालावर पावडर लावावी तसं लागत होतं, कारण त्याचं नाव कुणी सांगितलं नव्हतं. अशी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय देऊ नयेत म्हणून 2018 साली केंद्र सरकारने त्यांतली 14 औषधं शेड्यूल एचमध्ये घातली. पण आपल्याकडे ‘चिठ्ठी आहे का’ असं विचारणाऱ्या दुकानाला लोक ‘भाव खातो’ म्हणतात आणि पलीकडच्या दुकानात जातात. नायट्यावर ही ट्यूब लागली की तो दबल्यासारखा दिसतो आणि आतल्या आत पसरतो, मग डॉक्टरलाही ओळखू येत नाही. त्वचेच्या डॉक्टरांकडे हल्ली असले चेहरेच फार येतात.

मोजमाप त्यांनी आजींकडूनच करवून घेतलं. आजींची तर्जनी पुढे घेतली, शेवटच्या पेरावर टोकापर्यंत ट्यूबची रेघ ओढली. ही एक मात्रा, साधारण अर्धा ग्रॅम. मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. 15 ग्रॅमच्या ट्यूबमध्ये अशी 30 पेरं. लावायचं फक्त लाल, खाजऱ्या जागेवर, सांगितलं तितके दिवस, आणि लाली गेली की डॉक्टरांनी सांगितलेल्या बेताने थांबवायचं; मॉइश्चरायझर मात्र थांबवायचं नाही. आजींनी ती रेघ नातवाच्या कोपरावर लावली. बोटाकडे पाहिलं. पुन्हा कोपराकडे पाहिलं. “मी तर येचा चौथा हिस्सा लावत होते,” असं त्या म्हणाल्या आणि त्यांच्या आवाजात कुणीतरी वर्षानुवर्षं दुधात पाणी घातल्याचा राग होता.

“मुळापासून जाईल ना?” हा प्रश्न दाराजवळ पोहोचल्यावर आलाच. एरंडोलपासून पारोळ्यापर्यंत हायवेच्या कडेला भिंतींवर लिहिलेलं असतं, ‘इसब, नायटा, खरूज मुळापासून’. भिंत खात्री देते, डॉक्टर देत नाहीत, म्हणून भिंतीचा धंदा चालतो. डॉक्टरबाई म्हणाल्या, बरीच मुलं शाळेच्या वयापर्यंत सुधारतात, काहींचा पुढेही राहतो. तोवर आटोक्यात ठेवायचा. दाबला तर छातीत उतरून दमा होईल ही आजींची भीतीही तिथेच निघाली. दमा इसब दाबल्याने होत नाही. ज्या घराण्यात एक असतो तिथे दुसरा येण्याचा संभव असतो, म्हणून लोकांना पहिला गेला आणि दुसरा आला असं दिसतं. आणि हा आजार स्पर्शाने पसरत नाही, तेव्हा पोराला भावंडांत खेळू द्यायचं. उद्या बालवाडीच्या बाईंनी खरूज म्हणून घरी पाठवलं तर चिठ्ठी दाखवायची. पिवळी खपली धरली, पाणी-पू आलं, ताप आला, किंवा बारीक फोडांचे झुबके एकाएकी उठले तर मात्र ‘आतलं बाहेर पडतंय’ म्हणून आनंद मानत बसायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं.

कापडाचं तर आम्हाला कुणी सांगायची गरज पडू नये. आख्ख्या खान्देशच्या शिवारात कपाशी, दिवाळीनंतर जिनिंगच्या आवारात पांढरे डोंगर, आणि पोराच्या अंगात? बारशाला आलेला चमचमता नायलॉनचा कुर्ता आणि आत्याने विणलेलं लोकरी स्वेटर, तेही थेट कातडीवर. घाम आणि लोकर दोन्ही खाज उठवतात. सुती, सैल, जुनं धुतलेलं घालायचं. आत्याचं मन मोडायचं नसेल तर स्वेटरच्या आत सुती झबलं. नखं बारीक कापायची हाही साधा उपाय. पण शनिवारी कापायची नाहीत, अमावास्येला नाहीत, पोराच्या जन्मवारी नाहीत, दिवेलागणीनंतर तर नाहीतच. उरलेल्या वेळात पोर झोपलेलं नसतं. बहिणीने शेवटी ते झोपल्यावर भर शनिवारी कापली आणि आजींनी पाहूनही पाहिलं नाही. माझ्या मते त्या घरात झालेली ती सर्वांत मोठी सुधारणा.

पोराचे गाल पुढच्या दोन-तीन महिन्यांत निवळले. मधूनमधून उठतात, मग आजी पेर मोजतात. आता त्या गल्लीतल्या बायांनाही तर्जनी पुढे करायला लावतात, आणि बोलतात ते अधिकाराने, कारण दाखवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी ते त्यांच्याच हातून करून घेतलं होतं. चिठ्ठी आईच्या नावाने, फी बापाच्या खिशातून. पण घरात तेलाची वाटी ज्याच्या हातात, उपचार त्याच्याच हातात असतो, एवढी साधी गोष्ट ज्या डॉक्टरांना कळते त्यांच्याकडे पेशंट टिकतात.

तेव्हा तुमच्या घरात असं खाजरं पोर असेल तर दवाखान्यात जाताना फाइल विसरलात तरी चालेल. आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा मात्र पिशवीत घालून न्या, मेडिकलवाल्याने दिलेलीसुद्धा, आणि आजीला मागच्या बाकावर नको, डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीत बसवा.